झाड आधी, देऊळ नंतर

जपानमध्ये नोंद असलेली शिंतो देवळं सुमारे 80 हजार आहेत. चोवीस तास उघडी असणारी कन्व्हिनियन्स स्टोअर त्या देशात कोपऱ्याकोपऱ्यावर दिसतात, तरी त्यांचा आकडा 60 हजारांच्या आतच राहतो. पर्यटकांच्या फोटोंत येणारी इसे, इत्सुकुशिमा, फुशिमी इनारी ही देवळं या 80 हजारांतली अगदी मोजकी. उरलेली बहुतेक देवळं गल्लीत, भातखाचरांच्या मधोमध, शाळेच्या मागे, दोन इमारतींच्या सांदीत असतात. त्यांना तिकीट नसतं, अनेक ठिकाणी पुजारीही राहत नाही. देशभरात शिंतो पुजारी 20 हजारांच्या आसपास आहेत, त्यामुळे एकेका पुजाऱ्याकडे दहा-दहा, वीस-वीस देवळं असणं ही नेहमीची गोष्ट आहे. तो सणाला येतो, मंत्र म्हणतो, पुढच्या गावाला जातो.

असं देऊळ लांबून ओळखायचं असेल तर छप्पर शोधू नये, झाड शोधावं. सपाट वस्तीत घरांच्या कौलांवर एखादाच गर्द हिरवा पुंजका उठलेला दिसला, की त्याच्या पायथ्याशी बहुधा एक तोरिई, म्हणजे दोन खांब आणि दोन आडव्या तुळयांची कमान असते. कमानीतून आत गेलं की हात-तोंड धुवायला दगडी कुंड, पुढे पैसे टाकायची लाकडी पेटी, वर एक घंटा आणि तिला लोंबणारी जाड दोरी. दोनदा वाकायचं, दोनदा टाळ्या वाजवायच्या, मनातलं बोलायचं, पुन्हा एकदा वाकायचं. सगळं मिळून मिनिटभराचं काम. कामावर जाणारी माणसं ते रोज करून पुढे जातात. त्या पेटीच्या उजवीकडे किंवा डावीकडे, कधी अगदी मागे, एक झाड उभं असतं. त्याच्या बुंध्याला भाताच्या पेंढ्याची वळलेली दोरी बांधलेली असते आणि तिला विजेच्या आकारात घडी घातलेल्या पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या लावलेल्या असतात. हे गोशिन्बोकू, देवाचं झाड.

आपल्याला वाटेल, देऊळ बांधलं आणि शेजारी झाड लावलं. इतिहास उलटा आहे. शिंतो परंपरेतला 'कामी' डोंगरात, धबधब्यात, मोठ्या खडकात, झाडात उतरतो, आणि जिथे तो उतरतो तिथे सुरुवातीला कसलंच बांधकाम नसे. जागा साफ करायची, दोरी बांधायची, सण करायचा आणि निघून जायचं, इतकीच रीत होती. कायमची लाकडी देवळं नंतर आली, आणि त्यामागे बौद्ध मंदिरांच्या वास्तूंचा प्रभाव होता असं बरेच अभ्यासक मानतात. नारा प्रांतातल्या ओमिवा देवळात आजही गाभारा नाही. समोरचा मिवा डोंगरच देव आहे, आणि देऊळ म्हणजे त्याच्यासमोर नमस्कार करायला बांधलेली जागा. गल्लीतल्या छोट्या देवळाची कुळकथा वेगळी नसते. अनेक ठिकाणी देऊळ आगीत जळलं, भूकंपात पडलं, पुन्हा बांधलं, पुन्हा पडलं. त्या जागेवर सलग उभं राहिलं ते झाडच.

दोरीविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्या डोळ्यांना ती पटकन ओळखीची वाटते. वटपौर्णिमेला वडाभोवती गुंडाळलेलं सूत हा बाईने केलेला नवस असतो, तिच्याकडून झाडाकडे गेलेला. झाडावरची ही दोरी, शिमेनावा, नवसाची नाही. ती हद्द आहे. दोरीच्या आतलं देवाचं, बाहेरचं आपलं, एवढंच ती सांगते. म्हणून ती वाटेल त्याने येऊन बांधायची नसते. देवळाच्या हद्दीत राहणारी कुटुंबं, ज्यांना उजिको म्हणतात, ती वर्षातून एकदा, बहुधा नवीन वर्षाआधी किंवा सुगीच्या सणाआधी, एकत्र बसून नवी दोरी वळतात. नेहमीच्या दोरीला पीळ उजवा, हिला डावा. पेंढा लांब, लवचिक आणि हिरवट लागतो. म्हणून काही ठिकाणी दोरीसाठी भाताच्या उंच वाढणाऱ्या जाती मुद्दाम लावतात आणि ओंब्या भरण्याआधीच कापून वाळवतात. गेल्या काही दशकांत इथेच अडचण झाली आहे. कम्बाइन हार्वेस्टर पेंढ्याचे शेतातच तुकडे करतो आणि वळायला काही उरत नाही. वळता येणारी माणसंही म्हातारी झाली. त्यामुळे बऱ्याच देवळांत आता कृत्रिम धाग्याची दोरी दिसते. ती चार-पाच वर्षं टिकते, आणि तेवढी वर्षं एकत्र बसायचं कारण राहत नाही. मला या बदलाचं वाईट वाटतं ते पेंढ्यासाठी नाही. दोरी दरवर्षी कुजत होती म्हणून माणसं दरवर्षी झाडाजवळ येत होती, आणि झाडाकडे कोणी पाहिलं की वाळलेली फांदी, बुरशी, पोकळ बुंधा वेळेत दिसत होता.

झाडं कुठली? क्यूशू आणि नैऋत्येकडच्या उबदार भागात कुसुनोकी, म्हणजे कापराचं झाड. पान चुरगळलं तर तोच वास येतो. 1988 च्या 'माय नेबर टोटोरो' या चित्रपटात टोटोरो ज्या प्रचंड झाडात राहतो ते हेच, आणि त्याच्याजवळ छोटं देऊळही दाखवलं आहे. डोंगराळ भागात सुगी, म्हणजे जपानी सीडर. तोक्यो आणि आसपास गिंको आणि केयाकी. पूजेत पुजारी ज्या हिरव्या फांद्या वाहतो त्या साकाकी नावाच्या सदाहरित झुडपाच्या. आकारात मात्र कापराला तोड नाही. कागोशिमा प्रांतातल्या आइरा शहरात कामो हाचिमान देवळाशेजारी उभ्या असलेल्या कापराचा घेर 24.22 मीटर आहे. जपानमधलं सर्वांत मोठं झाड म्हणून त्याची नोंद आहे. सागा प्रांतात ताकेओ देवळामागच्या कापराच्या ढोलीत बारा तातामी चटया मावतील एवढी जागा आहे आणि तिच्यात आणखी एक छोटं देऊळ बसवलं आहे.

पण ही झाडं प्रसिद्ध आहेत, त्यांना पाहायला बस भरून माणसं येतात. मला सांगायचं आहे ते ज्यांच्यासाठी कोणी लांबून येत नाही त्या झाडांबद्दल.

तोक्योच्या सुमिदा भागात, स्कायट्री या गगनचुंबी मनोऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ओशिआगेत तोबिकी इनारी नावाचं देऊळ आहे. तिथल्या गिंकोचं वय पाचशे-सहाशे वर्षं सांगतात. दंतकथा अशी, की वादळात एक फांदी उडत येऊन जमिनीत रुतली, तिला पालवी फुटली, आणि लोकांनी तिथे इनारी या कामीची स्थापना केली. 1945 च्या 10 मार्चच्या रात्री अमेरिकी विमानांनी या भागावर आगलावे बॉम्ब टाकले. एका रात्रीत एक लाखाच्या आसपास माणसं मेली आणि लाकडी घरांची वस्ती राख झाली. गिंको जळाला, पण मेला नाही. त्याच्या ओल्या लाकडाने आणि फांद्यांनी आग अडवली म्हणून पलीकडची घरं वाचली, असं तिथले लोक सांगतात. आज झाड पाहायला गेलं तर खोडाचा मधला भाग अजून कोळशासारखा काळा दिसतो. त्याच्या दोन्ही कडांनी नवी साल पुढे सरकत आली आहे आणि तो काळा भाग हळूहळू आत घेत चालली आहे. त्याच खोडाला दोरी बांधलेली असते. शरद ऋतूत वर पिवळी पानं येतात.

नागासाकीच्या सान्नो देवळातली दोन कापराची झाडं अणुबॉम्ब पडला त्या बिंदूपासून जेमतेम 800 मीटरवर होती. 9 ऑगस्ट 1945 ला त्यांची पानं, फांद्या, शेंडे सगळं गेलं. देवळाच्या वाटेवरच्या दगडी तोरिईचा एक खांब पडला, दुसरा उभा राहिला, तो आजही एकटा उभा आहे. झाडं मेलीच असं सर्वांनी धरलं होतं. सुमारे दोन महिन्यांनी त्यांना कोंब आले. पुढे कधीतरी उपचार करताना एका झाडाच्या पोकळीत दगड सापडले, स्फोटाच्या झोताने उडून आत घुसलेले. 1969 मध्ये शहराने या जोडीला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला.

आगीतून आणि अणुबॉम्बमधून झाडं वाचली. त्यांचा सर्वांत मोठा संहार मात्र युद्धात झाला नाही, तो शांततेच्या काळात, सरकारी कागदावर झाला.

1906 मध्ये मेइजी सरकारने देवळांच्या विलीनीकरणाचा हुकूम काढला. देवळांवर सरकारी खर्च करायचा, तर ती नीटनेटकी, ठराविक मालमत्ता असलेली आणि मोजकी हवीत, असा विचार. एका गावात शक्यतो एक देऊळ, बाकीच्यांचे देव त्यात नेऊन बसवायचे. तेव्हा देशात सुमारे 1 लाख 90 हजार देवळं होती. पुढच्या आठ-दहा वर्षांत ती 1 लाख 20 हजारांवर आली. शेजारशेजारच्या मिए आणि वाकायामा या प्रांतांत अंमलबजावणी सर्वांत कडक झाली. मिएमध्ये दहातली नऊ देवळं गेली.

देव हलवता येतो. त्याचा आरसा किंवा त्याचं प्रतीक पेटीत ठेवून दुसऱ्या गावी नेता येतं. झाड नेता येत नाही. देव गेला की जागा देवाची राहिली नाही, आणि देवाची राहिली नाही की ती लाकडाची झाली. दोनशे-तीनशे वर्षं कुऱ्हाड न लागलेल्या कापराला आणि सीडरला चांगला भाव होता. गावच्या पुढाऱ्यांना, अधिकाऱ्यांना, ठेकेदारांना हे कळायला वेळ लागला नाही. काही ठिकाणी तर लाकूड विकायचं म्हणूनच देऊळ विलीन केलं गेलं, अशा तक्रारी तेव्हाच झाल्या.

या तक्रारी सर्वांत मोठ्या आवाजात केल्या त्या मिनाकाता कुमागुसु यांनी. त्यांचा जन्म 1867 चा, वाकायामाच्या एका व्यापारी कुटुंबातला. त्यांच्या घराण्यात मूल झालं की फुजिशिरो देवळातल्या कापराच्या झाडाकडून नाव मागून घ्यायचे. त्यांच्या नावातलं 'कुसु' त्या कापराचं. तरुणपणी ते अमेरिकेत गेले, क्यूबात गेले, मग लंडनमध्ये सुमारे आठ वर्षं राहिले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसून त्यांनी वह्यांच्या वह्या उतरवून काढल्या. 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत त्यांचे पन्नासच्या वर लेख आणि टिपणं छापून आली. कुठल्याही विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. परत आल्यावर ते वाकायामातल्या तानाबे या किनाऱ्यावरच्या गावी स्थायिक झाले. 1906 मध्ये, म्हणजे हुकूम निघाला त्याच वर्षी, त्यांनी तिथल्या एका देवळाच्या पुजाऱ्याच्या मुलीशी, मात्सुए यांच्याशी लग्न केलं.

कुमागुसुंचा विषय होता मिक्सोमायसीट, म्हणजे चिकट बुरशी म्हणून ओळखले जाणारे जीव. ना पूर्ण प्राणी, ना वनस्पती, ना खरी बुरशी. ओल्या कुजक्या लाकडावर, सावलीत ते पसरतात, हलतात, आणि मग टाचणीच्या टोकाएवढ्या गोळ्या उभ्या करून त्यांतून बीजाणू उधळतात. हे जीव सापडायला जुनं, न झाडलेलं, दमट जंगल लागतं, आणि तानाबेच्या आसपास असं जंगल उरलं होतं ते छोट्या देवळांमागेच. त्यांनी नमुने गोळा केलेली एक राई काही वर्षांत तोडली गेली. इथून पुढे ते गप्प राहिले नाहीत.

स्थानिक वर्तमानपत्रातून त्यांनी लेखांची झोड उठवली. 1910 मध्ये विलीनीकरण राबवणारा एक अधिकारी एका सभेला आला आहे हे कळल्यावर ते दारू प्यायलेल्या अवस्थेत आत घुसले आणि नमुन्यांची पिशवी भिरकावली. त्याबद्दल त्यांना 18 दिवस कोठडीत काढावे लागले. तिथेही त्यांना एक चिकट बुरशी सापडली आणि त्यांनी ती टिपून घेतली. 1911 मध्ये त्यांनी तोक्योतल्या एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दोन लांबलचक पत्रं लिहिली. लोकसंस्कृतीचे अभ्यासक यानागिता कुनिओ तेव्हा सरकारी नोकरीत होते. त्यांनी ती पत्रं स्वतः छापून महत्त्वाच्या लोकांना वाटली.

कुमागुसुंचे मुद्दे मला आजही ताजे वाटतात, कारण ते फक्त झाडाबद्दल बोलत नव्हते. देऊळ कोसभर लांब नेलं तर म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बायका जाणार नाहीत, असं त्यांनी लिहिलं. सण दुसऱ्या गावी गेला की गावातला बाजार मोडेल. राई तोडली की पक्षी जातील, पक्षी गेले की पिकांवर कीड वाढेल. समुद्रावरच्या कोळ्यांना किनाऱ्यावरची देवाची झाडं दिशा दाखवतात आणि त्यांच्या सावलीत मासे येतात, ते दोन्ही जाईल. 'इकॉलॉजी' हा शब्द जपानमध्ये फार थोड्यांना माहीत होता तेव्हा, 1911 मध्ये, त्यांनी तो एका सरकारी अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात वापरला. माणूस, देव, बाजार, पक्षी, कीड आणि बुरशी यांना त्यांनी एका धाग्यात धरलं. त्यातला एक काढला की बाकीचे ढिले होतात, हे त्यांना लंडनच्या पुस्तकांतून कमी आणि तानाबेच्या राईत वाकून पाहताना जास्त कळलं असावं.

धोरण अधिकृतपणे थांबायला 1920 उजाडलं. तोपर्यंत व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. काही झाडं मात्र कुमागुसुंच्या धडपडीमुळे राहिली. कुमानोच्या यात्रामार्गावर नोनाका इथल्या छोट्या देवळाभोवती सीडरची मोठी रांग होती. बरीच झाडं पडली, नऊ वाचली. या नऊ झाडांच्या फांद्या एकाच बाजूला, दक्षिणेला वळलेल्या आहेत. त्या दिशेला नाचीचं मोठं तीर्थ आहे, म्हणून भाविक त्याचा आपल्या परीने अर्थ लावतात. तानाबेच्या खाडीतलं काशिमा हे देवाचं बेटही राखलं गेलं. 1929 मध्ये सम्राट हिरोहितो, जे स्वतः जीवशास्त्राचे अभ्यासक होते, या बेटावर आले. कुमागुसुंनी त्यांना चिकट बुरशींचे नमुने भेट दिले ते मिठाईच्या, कॅरॅमलच्या रिकाम्या खोक्यांत घालून.

युद्धानंतर चित्र बदललं. सरकार आणि शिंतो वेगळे झाले, देवळं खासगी धर्मसंस्था झाली. धोका आता हुकुमाचा राहिला नाही, जमिनीच्या भावाचा झाला. तरीही झाड आणि वस्ती यांचं नातं किती घट्ट असू शकतं याचं एक उदाहरण ओसाकाजवळ नेयागावा शहरात आहे, कायाशिमा स्टेशनवर. 1970 च्या दशकात केइहान रेल्वेने मार्ग उंचावर न्यायचं आणि रूळ वाढवायचं ठरवलं. वाटेत कायाशिमा देवळाचं सातशे वर्षांचं कापराचं झाड येत होतं. आराखड्यात ते तोडायचं होतं. वस्तीने जोरदार विरोध केला आणि कंपनीने आराखडा बदलला. 1980 मध्ये काम पुरं झालं तेव्हा झाड प्लॅटफॉर्मच्या मधोमध होतं. सात मीटर घेराचा बुंधा खाली जमिनीवर, रुळांच्या पुलाखाली. खोड प्लॅटफॉर्मच्या जमिनीला पाडलेल्या चौकटीतून वर येतं, प्रवाशांच्या शेजारून जातं आणि छपरातल्या मोकळ्या जागेतून बाहेर पडून उघड्यावर पसरतं. त्याच्याभोवती पारदर्शक पत्र्यांचं कुंपण आहे. पलीकडे माणसं फोनमध्ये डोकं घालून लोकलची वाट पाहतात. खाली, पुलाच्या सावलीत, नव्याने बांधलेलं छोटं देऊळ आहे आणि बुंध्याला दोरी आहे.

असं सगळीकडे होत नाही. दुरुस्तीला पैसा नाही म्हणून क्योतोतल्या एका जुन्या देवळाने आवाराचा तुकडा सदनिकांच्या इमारतीसाठी भाड्याने दिला. मध्यवर्ती शिंतो संघटनेने संमती नाकारली, तेव्हा देऊळ संघटनेतून बाहेर पडलं. लहान देवळांचा त्रास याहून साधा असतो. शेजारी नवा आलेला रहिवासी पानगळीची तक्रार करतो. फांदी पडून कोणाच्या गाडीला लागली तर भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न पडतो. उजिको पाच घरांवर येतात आणि पाचही घरांत सत्तरीपुढची माणसं. मग सोपा उपाय म्हणून शेंडे आणि फांद्या छाटतात, आणि छाटलेल्या जागेतून कूज आत शिरते. 1991 पासून जपानमध्ये 'वृक्षवैद्य' अशी अधिकृत पात्रता आहे. जुन्या झाडांचे हे डॉक्टर पूर्वी ढोलीत भरलेलं सिमेंट काढतात, पायांखाली दबून घट्ट झालेली माती मोकळी करतात, मुळांवर पाय पडू नये म्हणून लाकडी मार्गिका बांधतात. मात्र त्यांना बोलवायला आणि पैसे द्यायला वस्तीत कोणीतरी शिल्लक असावं लागतं.

या छोट्या राया एका वेगळ्या वाटेने महाराष्ट्रातही पोचल्या आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ मियावाकी आकिरा (1928 ते 2021) 1950 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत शिकत होते. माणसाने हात लावला नसता तर या जमिनीवर कुठलं जंगल उगवलं असतं, हा त्यांच्या गुरूंचा प्रश्न. जपानमध्ये डोंगरच्या डोंगर लागवडीच्या सीडरने आणि पाइनने भरलेले. मग मूळ जंगल पाहायचं कुठे? त्यांना गावातल्या देवळामागची झाडं आठवली. तिथे ओक, शिई, ताबू ही रुंद पानांची सदाहरित झाडं अजून होती. देवळांमागच्या रायांची यादी करून, तिथल्याच जातींची रोपं दाट लावून, दोन-तीन वर्षं निंदणी करून पुढे जंगलाला सोडून द्यायचं, ही त्यांची पद्धत 1970 च्या दशकात ओइता इथल्या पोलाद कारखान्याभोवती उभी राहिली. मुंबई महापालिकेने गेल्या काही वर्षांत भूखंडांवर 'मियावाकी' म्हणून जी दाट लागवड केली, तिचं मूळ इथे आहे. मात्र मियावाकींचा पहिला धडा दाटीचा नव्हता, जुनी राई वाचण्याचा होता. आपल्याकडे ते वाचन वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांत फिरून केलंच आहे. लागवडीची यादी ठरवताना नर्सरीत काय मिळतं ते बघण्याआधी ते काम उघडायला हवं.

2011 च्या 11 मार्चला त्सुनामी आली तेव्हा मियावाकी 83 वर्षांचे होते. ईशान्य जपानच्या किनाऱ्यावर वारा आणि वाळू अडवायला मैलोन्‌मैल पाइन लावलेले होते. रिकुझेनताकाता इथल्या सुमारे 70 हजार पाइनांपैकी एकच उभा राहिला, आणि खाऱ्या पाण्याने तोही पुढच्या वर्षी मेला. मियावाकी किनाऱ्याने फिरले. अनेक ठिकाणी उथळ मुळांचे पाइन उपटून घरांवर जाऊन आदळले होते, आणि देवळांच्या रायांतले खोल मुळांचे ताबू आणि ओक चिखलाने माखून जागेवर उभे होते. मलबा गाडून, त्यावर मातीचे उंचवटे करून, त्या भागातल्या स्थानिक झाडांचं जंगल लावावं अशी सूचना त्यांनी केली. सेंदाईजवळच्या इवानुमा शहराने ती मानली. तिथे नागरिकांनी हजारोंच्या संख्येने येऊन किनाऱ्यावरच्या टेकड्यांवर रोपं लावली आहेत, त्यांत ताबू आणि ओक मुख्य आहेत.